चौथी ओळ

माझी आत्या वर्तमानपत्र मागच्या बाजूने वाचायला घेते. मागून दुसऱ्या पानावर तंत्रज्ञानाच्या बातम्या असतात आणि कपातला चहा निवेपर्यंत तिला त्यांच्याशी भांडायचं असतं. घडी घालता येणारा फोन आला हे वाचून ती म्हणाली, "घडी चादरीची घालतात. फोनची घालून काय कपाटात ठेवायचाय?" बोलणाऱ्या फ्रिजची बातमी आली तेव्हा म्हणाली, "घरात बोलणारे काय कमी आहेत?" आणि जगातली सगळी गाणी आता क्लाउडवर, म्हणजे ढगात ठेवतात, हे मी तिला समजावून सांगितलं, तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "अरे, अमका ढगात गेला असं आपण कधी म्हणतो?"

लोक हे ऐकून हसतात. आत्या म्हणजे नव्या गोष्टींना नाकं मुरडणारी म्हातारी, असा त्यांचा समज होतो. तो साफ चुकीचा आहे. रेडिओ केंद्रात पहिला संगणक आला तेव्हा सगळे साहेबलोक त्याला धूळ लागू नये म्हणून अभ्रा घालून ठेवत. तो अभ्रा काढून त्यावर पहिल्यांदा बोटं चालवली ती आत्याने. तिचा राग यंत्रावर नाही. कुणावर आहे, ते सांगायलाच मी बसलो आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मलाही राग आलेला आहे.

आत्या एकतीस वर्षं रेडिओ केंद्राच्या रेकॉर्ड लायब्ररीत होती. खोलीला खिडकी नव्हती. छतापर्यंत लोखंडी रॅक, त्यात तबकड्या आणि टेपा, आणि त्या खराब होऊ नयेत म्हणून एवढा गारठा, की आत्या ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून कामाला जायची. बसस्टॉपवर लोक तिच्याकडे वळून बघायचे. रेकॉर्ड झालेल्या प्रत्येक गाण्याचं एक कार्ड करायचं, हे तिचं काम. कार्डावर छापील ओळी तीन होत्या : गीत, गायक, संगीतकार. खाली बोटभर जागा कोरी.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ती काहीतरी विचारायला रेकॉर्डिंगच्या खोलीत गेली. गायिकेच्या मागे, स्टुलावर, पन्नाशीतले एक गृहस्थ व्हायोलिनच्या तारा पुसत बसले होते. आत्याने सहज त्यांचं नाव विचारलं.

"माझं कशाला?" ते म्हणाले, "मी साथीला आहे."

आत्याने नाव काढून घेतलंच. जागेवर परत आली आणि त्या गाण्याच्या कार्डावर कोऱ्या जागेत हिरव्या शाईने लिहिलं, 'साथ : व्हायोलिन', आणि पुढे त्यांचं नाव. त्या दिवसापासून तिने चौथ्या ओळीशिवाय एकही कार्ड सोडलं नाही. वाजवणारे लोक काम संपलं की लगेच निघायचे, म्हणून ती कार्ड घेऊन जिन्यात उभी राहायची, कधी सायकलींच्या स्टँडपर्यंत धावायची. एका साहेबांनी याला नसती उठाठेव म्हटलं. आत्याने त्यांना म्हटलं, "साहेब, शाई माझी आहे." ते व्हायोलिनवाले पुढे आमचे सगळ्यांचे व्हायोलिनकाका झाले. त्यांनी स्वतःच्या नावाची एकही तबकडी कधी काढली नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ केली. म्हणजे हा माणूस वाजवत होता याची जगात एकच नोंद होती, ती आत्याच्या हिरव्या शाईतली.

मग केंद्राने ठरवलं, सगळा संग्रह ॲपवर आणायचा. छान ठरवलं. आत्याने घरी येऊन आनंदाने सांगितलं होतं. पण कार्डांवरची माहिती भरायचं काम बाहेर दिलं, दूरच्या एका गावातल्या कंपनीला. तिथल्या लोकांना कार्डं वाचायला कुणी शिकवायचं? आत्याने. तीन आठवडे ती पडद्यासमोर बसून कानाला हेडफोन लावलेल्या एका मुलीला शिकवत होती. मुलगी गुणी होती, प्रत्येक वाक्याला "हो मॅडम" म्हणायची. तिला एका कार्डाला चाळीस सेकंद मिळायचे. चौथ्या आठवड्यात साहेबांनी आत्याला फुलांचा गुच्छ दिला आणि सांगितलं, उद्यापासून यायची गरज नाही. निवृत्तीला अजून अडीच वर्षं बाकी होती. स्वतःच्या जागी बसणाऱ्याला स्वतःच तयार करायचं, वर त्याबद्दल गुच्छ घ्यायचा आणि फोटोत हसायचं. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्या दिवशी जेवताना मी त्या कंपनीला आणि त्या मुलीला वाट्टेल ते बोललो. आत्या शांतपणे ऐकत होती. मी स्वतः कुणाच्या पैशावर जेवतो हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. परदेशातल्या लोकांच्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी मी इथे बसून ऐकतो, तीच माझी नोकरी.

"तुझ्या खुर्चीवर आधी कोण बसायचं रे, तिकडे?" आत्याने विचारलं.

मग ती म्हणाली, "त्या पोरीला काही बोलू नकोस. चाळीस सेकंद तिने नाही ठरवले."

ॲप आलं. वर्तमानपत्राच्या त्याच पानावर बातमी आली, साहेबांच्या फोटोसकट. आणि आठवड्याभरात त्याच पानावर दुसरी बातमी आली, चौकटीत, गंमत म्हणून. कुणीतरी ॲपच्या आरोग्य विभागात 'साथीचे रोग' उघडलं होतं, तर आत चार हजारांवर गाणी! प्रेमाची, विरहाची, लहान मुलांची. झालं होतं असं, की कंपनीच्या तक्त्यात गीत, गायक आणि संगीतकार यांना रकाने होते, चौथ्या ओळीला नव्हता. तिचं काय करायचं असं त्या मुलीने विचारलं असणार, तिला कुणीतरी सांगितलं, 'विषय' या रकान्यात टाक. विषय काय? साथ. यंत्राने तो शब्द बघितला आणि सगळ्या व्हायोलिनवाल्या-बासरीवाल्यांना पटकी आणि देवीच्या रांगेत नेऊन बसवलं.

आत्यासुद्धा हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "व्हायोलिनची साथ पसरली म्हणायची," म्हणाली. चूक होती, सरळ दुरुस्त होण्यासारखी. 'साथ' नावाचा एक रकाना वाढवायचा, की झालं.

साहेबांची मात्र नाचक्की झाली होती. त्यांनी हुकूम सोडला, विषयाच्या रकान्यात 'साथ' असलेलं सगळं पुसून टाका. एका फटक्यात चार हजार दोनशे नोंदी गेल्या. त्यात साथीच्या रोगांवरच्या दोन खऱ्या भाषणांचा विषयही गेला, त्यांची आजवर कुणाला आठवण झालेली नाही. गाणी राहिली, वाजवणाऱ्यांची नावं गेली. आणि कार्डं? ती काम संपल्याबरोबर रद्दीत घातली होती. कंपनीकडचे त्यांचे फोटो करारात लिहिल्याप्रमाणे पुसून टाकले होते. तीस वर्षं जिन्यात उभं राहून गोळा केलेली नावं होती ती! निदान एकदा फोन करून विचारायचं तरी. पण विचारायला बाई कामावर हवी ना.

आत्याला हे कळलं ते व्हायोलिनकाकांच्या सुनेच्या फोनवरून. काकांच्या घरी पाहुणे आले होते. केंद्रावर सगळ्यांत जास्त वाजणाऱ्या एका गाण्याचा विषय निघाला. त्या गाण्याच्या आधी व्हायोलिनचे वीस सेकंद आहेत. लोकांना शब्द आठवत नाहीत, पण ते वीस सेकंद सगळ्यांना येतात, पाहुणेही तेच गुणगुणत होते. सून कौतुकाने म्हणाली, हे आमच्या बाबांनी वाजवलंय. तिने फोनवर काकांचं नाव घालून दाखवायला घेतलं, तर उत्तर आलं : काहीही सापडले नाही. पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "म्हणजे तुम्ही नुसते बसायला जायचात की काय तिथं?" सगळे हसले. काकाही हसले, सून सांगत होती, आणि मग उठून आत गेले, ते जेवायलाच आले नाहीत. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस.

त्या संध्याकाळी आत्याने ठरवलं, काकांचं नाव त्या यादीत परत गेलंच पाहिजे. निदान त्या एका गाण्याला तरी.

ती केंद्रावर गेली. फाटकावरच्या नव्या माणसाने तिला पास मागितला. एकतीस वर्षं त्या फाटकातून जाणाऱ्या बाईला! आत साहेब अदबीने बोलले आणि अदबीनेच काखा वर केल्या. "मॅडम, मूळ नमुन्यात तीनच ओळी आहेत. चौथी अधिकृत नाहीच. आणि सूचना असेल तर ॲपवर बटण आहे ना." आत्या म्हणाली, "साहेब, मी तुमच्यासमोर उभी आहे." साहेब म्हणाले, "हो, पण बटणावरून आलं की नोंद राहते."

मग सुरू झालं बटण. ते मी दाबायचो, मजकूर आत्या सांगायची. प्रत्येक वेळी उत्तर यायचं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' मदतकेंद्राला फोन केला, तर पलीकडच्या पोराने "आपली गैरसोय मी समजू शकतो" इथून सुरुवात केली. त्याचं पुढचं वाक्य काय असणार हे मला पाठ होतं, कारण दिवसातून साठ वेळा मीही तेच वाचून दाखवतो. मला त्याच्यावर ओरडता येईना आणि न ओरडता राहवेना. असे सात महिने गेले. मधेच काका आजारी पडले, पंधरा दिवस दवाखान्यात होते. आत्या रोज सकाळी विचारायची, "आलं का काही?" वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर बोलणं तिने बंद केलं होतं. नुसती पानं उलटायची. ती अशी गप्प झालेली मला बघवेना.

आता यापुढची अक्कल माझी. सूचनेच्या अर्जात 'व्यक्तीची भूमिका' असा एक रकाना होता आणि त्यात निवडायला तीनच शब्द : गीतकार, गायक, संगीतकार. आम्ही दर वेळी तो कोरा ठेवत होतो आणि बहुधा म्हणूनच अर्ज कचऱ्यात जात होता. एका सकाळी आत्याला न विचारता मी काकांचं नाव घातलं आणि 'गायक' निवडलं. म्हटलं, नाव तर लागू दे, शब्दाचं नंतर बघू. दुसऱ्या दिवशी नाव लागलं. सात महिने जे झालं नाही ते एका खोट्याने एका दिवसात झालं.

आत्याने फोनवर नुसतं नाव बघितलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. त्या ओळीच्या सुरुवातीचा शब्द तिने वाचला नाही. मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ती तशीच उठली, मला बरोबर घेतलं आणि आम्ही काकांकडे गेलो.

काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दवाखान्यातून आल्यापासून हात कापत होते. सुनेने फोन हातात घेतला आणि मोठ्याने वाचलं, गाण्याचं नाव, मग 'गायक', मग गायिकेचं नाव, स्वल्पविराम, मग काकांचं.

"परत वाच," काका म्हणाले.

तिने वाचलं. आत्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

"बाई," काका आत्याला म्हणाले, "मी कधी गायलो?"

"नाही काका. चूक झालीय. त्यांच्याकडे दुसरा शब्दच नाही."

"मी तिच्या मागे बसायचो. बावीस वर्षं. तिचा श्वास कुठे संपतो ते बघून गज उचलायचो. आता ती गेल्यावर तिच्या शेजारी जाऊन बसू? लोक म्हणतील, म्हातारा हावरट निघाला." त्यांचा आवाज चढला होता, मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "माझं नाव काढा तिथून."

"अहो बाबा, निदान आहे तरी," सून म्हणाली.

"खोटं आहे. काढा."

जे नाव लागावं म्हणून आत्या सात महिने झुरत होती, ते काढायचा अर्ज तिने तिथेच, त्यांच्यासमोर, माझ्याकडून भरून घेतला. अर्जात शेवटी 'कारण' असा एक रकाना होता.

"लिही," आत्या म्हणाली. "लिही, ते साथीला होते."

मी लिहिलं. बटण दाबलं. सुनेने केलेला चहा संपायच्या आत उत्तर आलं, 'आपली विनंती मान्य झाली आहे.' सात महिने ज्यांना आमचं एक पत्र वाचायला सवड नव्हती, त्यांनी नाव पुसायला चार मिनिटं घेतली.

काकांनी विचारलं, "आता काय दिसतं?"

आत्याने फोन डोळ्यांजवळ धरला आणि गीत, गायक, संगीतकार अशा तिन्ही ओळी अगदी स्पष्ट वाचून दाखवल्या.

"हां," काका म्हणाले. "आता त्यात चूक नाही."