चौसष्ट निमंत्रक

कुणाची सोयरीक जमायली असंल आन् पोरगी अंगणवाडीत सेविका असंल, तर आधी मला येऊन भेटा. नांदूरघाटात स्टँडच्या मागं मपलं दुकान हाय. लग्नपत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, समदं करतो. हनुमान म्हणून कुणालाबी विचारा. चहा पाजीन आन् खरं काय ते सांगीन. सव्वीस वर्षं एका सेविकेसंगट संसार करायलोय आन् पार बेजार झालोय.

मंजुषा तिचं नाव. आमचं गाव इथून चार किलोमीटरवर, तिथं तिची अंगणवाडी. बाई जेवायला बसली की फोन आलाच. कधी बाळंतिणीचा, कधी सुपरवायझर मॅडमचा. लेकरांची वजनं मोबाइलात भरायची असतात आन् गावात रेंज न्हाई, म्हणून ही पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर जाऊन बसती. खालून जाणारे विचारतात, ताई वर काय बगायलात? ही वरूनच विचारती, तुमच्या नातीला डोस दिला का? माणूस सायकल जोरात मारून पळतंय.

गावातल्या कुठल्याबी लेकराचं नाव घ्या, हिला जन्मतारीख पाठ. जन्मल्यावरचं वजन पाठ. एकदा एका साखरपुड्यात नवरदेवाच्या सासऱ्यासमोर म्हन्ली, "ह्यो लई अशक्त होता, दीड किलोचा. आम्हाला वाटलं न्हाई ह्यो जगंल." पाव्हण्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. मला तोंड कुठं लपवावं कळंना. घरी येऊन म्हन्लो, कावून बोललीस असं? तर म्हन्ती, "चांगलंच बोलले की. बगा आता कसा धडधाकट झालाय."

बरं, हे समदं मी सोसत होतो. पण दोन वर्षांमागं केजला प्रशिक्षण झालं. लेकरांत काम करणाऱ्यांना लेकरांच्या संरक्षणाचे कायदे शिकवायचे होते. बाकीच्या बायका सही करून, पोहे खाऊन, बाजार करून घरी आल्या. हिनं तिथली पुस्तिका आणली आन् ती वाचली. घोटाळा इथंच झाला.

रोज जेवताना मला वाचून दाखवायची. अठराच्या आतल्या पोरीचं लगीन जमवणारा गुन्हेगार, लावणारा गुन्हेगार, अक्षता टाकायला जाणारा बी गुन्हेगार. गावात हे थांबवायचं काम ग्रामसेवकाचं, आन् अंगणवाडी सेविका त्याची सहायक. "म्हंजे मी," ती म्हन्ली.

मी म्हन्लो, "भाजीत मीठ कमी हाय."

त्याच सुमारास गावात ग्राम बाल संरक्षण समिती झाली. झाली म्हंजे अर्जुनराव तात्यांनी केली. तात्या म्हंजे साठ एकराचे धनी, त्यांच्याबिगर गावात पान हलत न्हाई. सोसायटीत, पाणीपुरवठ्यात, यात्रा कमिटीत ज्याला घ्यायचं राहिलं आन् जो रुसून बसलाय, त्याला तात्यांनी ह्या समितीत घातलं. फ्लेक्स मीच छापला. तात्यांचा फोटो मोठा, लेकराचा बारका. समितीची बैठक त्यानंतर कधी झाली न्हाई, सह्या तेवढ्या शिपाई घरोघर जाऊन आणायचा. मंजुषा दर खेपंला विचारायची, बैठक कुठं झाली? शिपाई म्हणायचा, ताई, मला कशाला विचारता.

आम्हा छापखानेवाल्यांनाबी तहसीलातून कागद आलता. वधूवराच्या वयाचा पुरावा बघितल्याबिगर पत्रिका छापू नका म्हणून. मी तो कागद दुकानात भिंतीला चिकटवला. चिकटवला म्हंजे पाळला, अशी आपल्याकडं रीत हाय.

आता पत्रिकेचं सांगतो, कारण बाहेरच्याला हे कळायचं न्हाई. आमच्याकडं पत्रिका काय बोलवायला नसती. बोलवायला फोन असतो. पत्रिका असती कुणी रुसू नये म्हणून. निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, खाली बारक्या पोरांचं 'आमच्या लग्नाला यायचं हं'. चुलत्याचं नाव राहिलं तर चुलता मांडवात येत न्हाई. माजी सरपंचाचं नाव आजीच्या खाली गेलं तर मारामारी. वीस वर्षांत मी नवरीचं नाव चुकवलं तर लोकांनी माफ केलंय, निमंत्रकाचं चुकवलं तर न्हाई.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी तात्या दुकानात आले, हातात वहीचा कागद. "आसारामच्या पोरीचं लगीन हाय. काढीव मुहूर्त हाय, येत्या रविवारचा. दिवाळी झाली की टोळी निघती, त्याच्या आत उरकायचं. गरिबाचं कार्य हाय, आपण उभं राहायचं." आसाराम तात्यांच्या मळ्यावर राहतो. नवराबायको दोघंबी सहा महिने ऊसतोडीला जातात. पोरगी मनिषा, तेलगावकडचा पोरगा. तोबी टोळीतलाच. एका कोयत्याला नवराबायको अशी दोन माणसं लागतात, त्यामुळं टोळी नेणाऱ्या मुकादमालाबी जोडी तयार पाहिजे.

यादीत चौसष्ट नावं होती. ग्रामसेवक, मुख्याध्यापक, पोलीस पाटील. तात्या म्हन्ले, "वैनीचं नाव टाक, अंगणवाडी ताई म्हणून. एवढ्या पोरी तिनं वाढवल्या, मान हाय तिचा. आन् हे बग, समितीवाले रुसतील. प्रत्येकाचं नाव कुठं टाकीत बसतो? एका ओळीत टाक, समस्त ग्राम बाल संरक्षण समिती."

मी टाकलं. निमंत्रक, समस्त ग्राम बाल संरक्षण समिती. ठळक अक्षरात. खाली मपल्या दुकानाचं नाव. बापजन्मी मला त्यात काय वावगं दिसलं न्हाई.

उलट, संध्याकाळी एक पत्रिका घरी नेली. म्हन्लं, बायकोचं नाव छापून आलंय, खूश होईल. तिनं चष्मा लावला, वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"मनिषा? आसारामची? आवं ती नववीत हाय," ती म्हन्ली. "दोन हजार अकराची, संक्रांत झाल्यावर आठव्या दिवशी झाली. दोन किलो शंभर. काटा मी धरलता."

"तुझ्या काट्याला कोण विचारायलंय? मी छापणारा माणूस. उद्या मयताच्या दहाव्याची पत्रिका छापली तर काय मी मारला व्हय त्याला?"

तिनं पत्रिका पिशवीत टाकली. पायात चप्पल घातली. मी म्हन्लो, कुठं निघालीस? तर आसारामच्या घरी. आता बाईमाणूस एकटं मळ्यात कसं जाणार, म्हणून मलाच गाडी काढावी लागली. मपल्याच पत्रिकेचं लगीन मोडायला मपलंच पेट्रोल.

आसारामची बायको भिवराबाई दारातच ज्वारी पाखडीत होती. तिला काय लपवायचं नव्हतं. म्हन्ली, "ताई, तुमी म्हन्ता ते बरोबर हाय. पण सहा महिने आमी फडावर. सासू होती तवर पोरगी तिच्यापाशी राहिली. सासू गेली. आता चौदा वर्षांची पोर एकटी ह्या मळ्यात कुणाच्या भरवशावर ठेवू? संगं नेली तर तिथल्या पाचटाच्या कोपीला दार नसतं. लगीन लावलं तर निदान तिचा माणूस तरी तिच्याजवळ असंल."

मंजुषा म्हन्ली, "तिच्या जिवाची तुमाला काळजी हाय म्हणून तिला कोयता देता व्हय? सोळाव्या वर्षी बाळंत झाली तर काटा मलाच धरायचाय."

मनिषा आत चुलीपाशी बसली होती. एवढ्या वेळात ती एकदाच बोलली. "ताई, रविवारी लगीन, आन् सोमवारी मपला गणिताचा पेपर हाय." आसारामनं तिला गप केलं. आम्हाला म्हन्ला, शाळेतली तारीख मास्तरनं अंदाजानं लिवली, पोरगी अठराची हाय, आधारबी तसंच करून आणलंय. करून आणलंय, असं त्याच्याच तोंडून निघालं.

दुसऱ्या दिवशी हिनं ग्रामसेवकाला फोन लावला. त्याला रेंज नव्हती. मग हिनं लेकरांच्या मदतीचा १०९८ लावला आन् अर्ज लिवला. मी हाता-पाया पडलो. म्हन्लो, अर्ज दे, पण पत्रिका जोडू नको, त्यावर दुकानाचं नाव हाय. आख्ख्या तालुक्यात कुणी पत्रिका टाकायचं न्हाई मपल्याकडं. तर म्हन्ती, "तोंडी सांगितलं तर म्हणतील बाई भांडकुदळ हाय. कागदाला कुणी भांडकुदळ म्हणत न्हाई." आन् टाचणी मारली.

तात्या घरी आले. लई गोड बोलले. "वैनी, तुमचं नाव छापलंय. आता तुमीच यजमान. यजमानीण बाईनंच मांडव मोडावा का?"

"तात्या, नाव छापलंय म्हणून तर घाई केली," ती म्हन्ली. "लगीन लागलं असतं तर पहिली बेडी मलाच." तात्यांनी चहा अर्धाच पिला.

शनिवारी दुपारी नांदूरघाटच्या चौकीत समद्यांना बोलवलं. बीडहून बाल संरक्षण कार्यालयाच्या एक मॅडम आल्या होत्या, हवालदार लिवून घ्यायला बसला होता. टेबलावर पत्रिका. निमंत्रकांतले जेवढे सापडले तेवढे उभे होते. मॅडमनी एकेकाला विचारलं. ग्रामसेवक म्हन्ला, मला न विचारता छापलं. मुख्याध्यापक म्हन्ले, मला न विचारता छापलं. समितीतला एकजण म्हन्ला, मी समितीत हाय हेच मला आज कळायलंय. मान पाहिजे तवा चौसष्ट, आन् निस्तरायची वेळ आली की एकटा छापणारा. सगळ्यांची बोटं मपल्याकडं.

मंजुषा तिचं जुनं रजिस्टर घेऊन भिंतीपाशी उभी होती. तिकडून आसारामनं आधार कार्ड ठेवलं, त्यावर अठरा पूर्ण. मॅडम म्हन्ल्या, वयाचा वाद हाय, वेळ लागंल. उद्या सकाळी तर लगीन होतं. तात्या मपल्याजवळ सरकले आन् मोठ्यानं म्हन्ले, "हनुमान, तुला आम्ही वयाचा कागद दाखवला होता का न्हाई? दाखवला होता. सांग साहेबांना."

व्हय म्हन्लो असतो तर मी सुटलो असतो. दुकान सुटलं असतं. पोरगी अठराची हाय असं म्हणणारा आणखी एक साक्षीदार झाला असता, आन् रविवारी अक्षता पडल्या असत्या. हे समदं मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. मनिषा बाकावर आईजवळ बसली होती, शाळेच्याच ड्रेसात. दुसरा बरा ड्रेस नसंल.

मी हवालदाराला म्हन्लो, "साहेब, कागद दाखवला न्हाई. मी मागितलाबी न्हाई. मागायची गरजच नव्हती. शाळा उघडल्यावर मनिषाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मपल्याच दुकानात भरला. दाखल्यावरून जन्मतारीख मीच टाइप केली. फॉर्म कॉम्प्युटरात हाय. तिचा बाप तिथं सही करून गेलाय. पोरगी चौदाची हाय."

 आसारामनं खाली बघितलं. तात्या मला हळूच म्हन्ले, "लई शाना झालास बे," आन् बाहेर निघून गेले. हवालदारानं लिवलं, मी सही केली.

पुढचं आधी सांगून टाकतो. लगीन झालं न्हाई. आसारामनं हमीपत्र दिलं. मनिषाला बीडला बाल कल्याण समितीपुढं नेलं, आईबाप परत येईस्तवर तिला केजला मुलींच्या वसतिगृहात ठेवलंय. मंजुषा दर पंधरवड्याला तिला भेटायला जाती. गणितात मनिषा काय लई हुशार न्हाई, पण पेपर दिला. मला नोटीस आली हाय, वकील म्हन्तो बघू. तात्यांच्या गटातलं एकबी काम दुकानात येत न्हाई.

पण मला सांगायचं होतं ते त्या संध्याकाळचं. चौकीतून निघालो तवा मी मनातून जरा फुगलो होतो. म्हन्लं, आख्ख्या गावाच्या विरोधात मी बायकोच्या बाजूनं उभा राहिलो. काहीतरी बोलंल. निदान घरी गेल्यावर चहा तरी करंल.

गाव दीड-दोन किलोमीटर राहिलं असंल. मागून तिनं विचारलं, "तारीख तुमी टाइप केलती?"

"व्हय. खरं तेच सांगितलं मी."

"मग पत्रिका छापताना ती आठवली न्हाई?"

खोटं बोलायचं होतं तर चौकीतच बोललो असतो. आता काय सांगणार?

"आठवली," मी म्हन्लो.

ती म्हन्ली, "गाडी थांबवा." मी थांबवली. ती उतरली, रजिस्टर काखेत मारलं आन् चालायला लागली. मी दोन हाका मारल्या. तिनं मागं बघितलं न्हाई. मग मीबी गाडी बंद केली आन् घर येईस्तवर ढकलत तिच्या मागून आलो.