वाघदऱ्यात एकही वाघदरेकर नाही

लग्नानंतर वाघदरेकर हे आडनाव बदलणार नाही, असं मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं आणि तिथेच फसले. होणाऱ्या सासूबाई पुण्याच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "नकोच बदलूस. पण हे वाघदरे गाव आलं कुठे गं?" मी बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे बघायला लागले.

आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, एवढं घरात सगळ्यांना पाठ. तेव्हापासून सगळ्या पिढ्या इंदुरातच. तरी कुणी गाव विचारलं की बाबांचं इंदुरी हिंदीतलं उत्तर ठरलेलं, "भिया, हमारा गाँव तो महाराष्ट्र में है, चांदवड के पास." गेले मात्र कधीच नव्हते. ज्या नावासाठी मी भांडत होते त्या गावाचा मला पत्ता नाही, हे काही मला स्वस्थ बसू देईना. त्यात बाबांनी जाहीर केलं की लग्नाची पहिली पत्रिका वाघदऱ्याच्या ग्रामदैवतापुढेच ठेवायची, बाकीच्या त्यानंतर वाटायच्या. छापून आलेला गठ्ठा घरात तसाच पडून. आई वैतागून म्हणाली, "जा एकदाचे दोघं, और जल्दी आओ!"

शनिवारी उजाडताच इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या घरून निघालो. तुम्ही जाणार असाल तर फास्टॅग भरून ठेवा, टोलनाके भरपूर आहेत. रस्ता मात्र लोण्यासारखा. राऊला पोहे-जिलेबी खाल्ली, बाबांनी तिथूनच गावकऱ्यांसाठी शेव बांधून घेतली. खलघाटला नर्मदेपाशी त्यांना थांबायचं होतं, मला नव्हतं. थांबलो. पाच मिनिटांत मी पुन्हा स्टिअरिंगवर. बिजासन घाटात ट्रकांची रांग लागली, तिथे मी उगाच हॉर्न वाजवत बसले.

"अगं, गाव कुठे भागून चाललंय का? आराम से चालव ना," बाबा म्हणाले.

धुळ्याला जेवलो. शेवभाजी अशी झणझणीत की डोळ्यांतून पाणी. "शेव आपल्या इंदूरसारखी नाही," असं बाबांनी मालकाला तोंडावर सांगितलं आणि वर आणखी एक वाटी मागवली. मुक्काम चांदवडला. लॉज साधं, स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी. मला काही नीट झोप लागली नाही. गावात कोणी तरी दूरचे चुलते निघतील, नाक आमच्यासारखं असेल, असलं काहीबाही डोक्यात.

वाघदऱ्याला जायला चांदवडपासून आतला रस्ता आहे, अरुंद आणि खड्ड्यांचा. गाडी उंच असेल तर बरं. दोन्ही बाजूंना कांदा आणि वासही कांद्याचाच. भैरोबाच्या देवळासमोर एक पांढरीशुभ्र मोठी गाडी उभी होती. गाडीचे मालक कांद्याचे व्यापारी निघाले, सगळे त्यांना आण्णा म्हणत होते. बाबांनी हात जोडले. "नमस्कार जी. इथे वाघदरेकरांचं घर कोणतं?"

आण्णा खो खो हसले. "अहो काका, वाघदऱ्यात वाघदरेकर कुठून सापडायचा? इथं आम्ही सगळेच वाघदऱ्याचे. जो गाव सोडून जातो, त्याला लोक तिकडं गावाच्या नावानं ओळखत्यात. इथं असताना तुमचं आडनाव दुसरंच असणार. काय होतं?"

बाबांना माहीत नव्हतं. मलाही नाही. इतकी साधी गोष्ट आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आली नव्हती!

देवळात गुरवांनी पत्रिका घेतली नाही. हातात नारळ धरून विचारलं, "भावकी कंची? त्या नावानं फोडावा लागतो." बाबा हळद-कुंकू लावलेली पत्रिका धरून तसेच उभे. मला एकदम त्यांची फार दया आली. वाटलं, हात धरावा आणि गाडीत बसवून परत न्यावं.

मागून आण्णा म्हणाले, "फोडा हो. इंदूरकर म्हणा. तिथनंच आलेत ना?"

गुरवांनी भैरोबाकडे तोंड करून खड्या आवाजात सांगितलं, "देवा, इंदूरकरांच्या लेकीचं लगीन हाय. सांभाळून घे." नारळ फुटला. पत्रिका देवापुढे गेली. बाबा रडत होते, आणि रडता रडता सगळ्यांना शेव वाटत होते.

परतीच्या वाटेवर पुन्हा नर्मदा लागली. खलघाटला या वेळी मीच गाडी थांबवली.

घरी आल्यावर सासूबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे नाव गावाचं नाही, निघून गेलेल्यांचं." मी म्हटलं, हो, आणि मी तेच ठेवणार आहे. लग्नानंतर आम्ही बेंगळुरूला राहणार, तिथे मला घर, नोकरी सगळं नवं. जायची घाई मलाच झाली होती, खोटं कशाला बोलू.

काल गल्लीत पत्रिका द्यायला बाबांबरोबर गेले. नव्या शेजाऱ्यांनी विचारलं, "अंकलजी, आपका गाँव कौन सा?" मी सवयीने चांदवडची वाट पाहत उभी राहिले.

"इंदौर," बाबा म्हणाले. "गाँव इंदौर ही है भिया."

मी घरी येऊन बॅग भरायला काढली, आणि इंदूर सोडायचंय म्हणून पहिल्यांदा पोटभर रडले.