नकाशावरचा पूल

आमच्या थोरल्या साहेबांइतकं सोलापूर पायांनी पाठ असलेला माणूस या शहरात दुसरा झाला नसेल. ऑप्टिकल फायबरचं जाळं शहरातून कुठून कसं न्यायचं ते साहेब आखायचे आणि मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढायचो. कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "उपग्रहाला वरनं छप्पर दिसतंय तम्मा, गटार न्हाय दिसत," म्हणायचे. मूळचे अक्कलकोटकडचे; हाताखालचा प्रत्येक जण त्यांचा तम्मा, म्हणजे कानडीतला धाकटा भाऊ. टेप असूनही अंतर पावलांनी मोजायचे, आणि मध्येच कुणी नमस्कार घातला तर आकडा चुकू नये म्हणून उत्तरादाखल "चारशे बारा" म्हणून पुढं सरकायचे. बाळीवेशीतल्या एका आजीबाईंना ते त्यांचं आडनावच वाटायचं.

दुसरं वेड परतीच्या वाटेचं. शहराच्या जाळ्यात केबलचं एक कडं असतं, त्याला आम्ही रिंग म्हणतो. एका बाजूनं तुटलं तरी संदेश उलट्या बाजूनं फिरून पोचतो. ही रिंग साहेबांच्या अंगातच भिनली होती. गेलेल्या वाटेनं परत येणं त्यांना ठाऊकच नव्हतं. माझ्या लग्नात कमानीतून आले आणि अक्षता टाकून, आचाऱ्यांच्या कढयांमधून वाट काढत, मागच्या कनातीखालून वाकून गेले. माझे सासरे बुंदीची पातेली तपासायला धावले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "ह्यास्नी मीठ आणाय धाडलं की सैपाक अळणीच खायचा."

आता जे इतकी वर्षं टाळलं ते लिहितो. जुळे सोलापूरकडच्या एका रिंगची दुसरी बाजू साहेबांनी मला चालून यायला सांगितली. ऊन मी म्हणत होतं. मी रसवंतीत बसलो आणि मोबाईलवर बघून रेघ ओढली.

"चालून आलास?"

"आलो, साहेब."

त्यांनी सही केली. कागदावर कडं सुरेख जुळलं होतं. पण ओढ्यावरचा जो दुसरा पूल मी नकाशात बघितला, तो जमिनीवर नव्हताच. खोदाईवाल्यांनी मुकाट्यानं पहिल्याच पुलाच्या चरात दुसरीही केबल टाकली, आणि पुढं एका जेसीबीनं दोन्ही एकदम उपटल्या. दोन दिवस अर्धं शहर मुकं झालं. दवाखान्यांचे फोन लागेनात. चौकशीत साहेब एवढंच बोलले, "सही माझी हाय." मी शेजारीच उभा होतो. त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. निवृत्तीपर्यंत ते केबलची रिळं सांभाळत बसले. त्यांची खुर्ची मला मिळाली. तिच्यावर बसून मी जी जी रेघ मारली, ती आधी चालून आलो. माझ्या हातून जे काही बरं झालं, ते सगळं त्यांचंच.

परवा त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी कडक भाकरी, शेंगाचटणी वाढली. पहिल्या घासाआधीच मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी मी चाललो नव्हतो."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "तुझ्या चपलेला धूळ नव्हती. बघूनच सही केली मी. मग चूक कुणाची?"

"मग परत विचारलं का नाही?"

"परत विचारलं असतं, तर तू परत खोटं बोलला असतास, तम्मा. ते मला ऐकवलं नसतं."

त्यांनी आपल्या ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात ठेवली. मी खाली मान घालून जेवलो.