शेवंताच्या रक्तातला सहावा मणी

"हे सुनेच्या माहेरचं रक्त हाय, बाई. आमच्या घरात असं कोणालेच नव्हतं," गिरजाबाई मला ठणकावून सांगत होत्या. शेजारी त्यांची सून कौसल्या मान खाली घालून उभी. तिची सहा वर्षांची शेवंता वॉर्डात सांधे धरून विव्हळत होती. याच दुखण्यानं कौसल्येचं पहिलं मूल गेलं होतं. पोरगी बरी झाली की सुनेला माहेरी धाडायचं आणि महादेवसाठी दुसरी सोयरीक पाहायची, असं गिरजाबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. महादेव, त्यांचा कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारा मुलगा, आईपुढे तोंड उघडत नव्हता.

साठच्या दशकातली गोष्ट. यवतमाळच्या एका दवाखान्यात मी पॅथॉलॉजिस्ट होते, म्हणजे रक्त तपासणारी डॉक्टर. शेवंताच्या रक्तात ऑक्सिजन काढून घेणारं रसायन मिसळून मी स्लाइड केली आणि काचेच्या कडा व्हॅसलिननं बंद केल्या. थोड्या वेळानं पाहिलं, तर गोल पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. सिकल सेल. अशा पेशी बारीक नसांत अडकतात आणि असह्य दुखतं.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर, आमचे साहेब, म्हणाले, "निदान झालं ना? रिपोर्ट द्या आणि मोकळ्या व्हा."

"आईबापांचंही रक्त बघते, सर."

"कशाला?"

कारण नुकतंच वाचलेलं काही डोक्यातून जात नव्हतं. पेशीत प्रत्येक प्रथिनाची कृती अक्षरांत लिहिलेली असते. पेशी तिची नक्कल काढते, तीन-तीन अक्षरं वाचते आणि दर तिकडीला एक मणी ओवते. मणी म्हणजे अमायनो आम्ल, माळ म्हणजे प्रथिन. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका माळेत दीडशेच्या आसपास मणी असतात. शेवंताचा फक्त सहावा मणी वेगळा होता, कारण मूळ मजकुरात एक अक्षर बदललं होतं. एका अक्षरापायी हे लेकरू तळमळत होतं. मजकुराची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोन्हींत चूक असली तर हा आजार. एकीतच असली तर माणूस धडधाकट राहतो, पण काचेखाली त्याच्याही पेशी वाकतात.

कौसल्येच्या पेशी वाकल्या. गिरजाबाईंनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. मग महादेवच्याही वाकल्या. बाईंचा विश्वास बसेना. त्यांच्या घराण्यात हे आलं कुठून?

तेव्हा कौसल्या पहिल्यांदा बोलली. "माह्या आत्याच हायेत ह्या. मी त्यांच्या सख्ख्या भावाची पोरगी."

मामाची मुलगी केलेली. म्हणजे ज्या माहेराला नावं ठेवणं चाललं होतं, ते दोघींचं एकच.

 गिरजाबाईंनी आपणहून बोट पुढे केलं. "माह्यं बी पाहा."

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. साठीची टणक बाई, आणि तिचं रक्त तिच्या डोळ्यांदेखत वाकत होतं.

"मीच आणलं म्हणा हे घरात," त्या हळूच म्हणाल्या. मग सुनेला म्हणाल्या, "चाल, पोरीले पाणी पाजू."

शेवंताचा आजार गेला नाही, जाणारा नव्हताच. भरपूर पाणी, ऊब आणि दुखलं की लगेच दवाखाना, एवढंच हाती होतं. कौसल्या मात्र माहेरी गेली नाही.

पुढे नोकरीभर मी एक नियम पाळला. घरातल्या सगळ्यांची बोटं टोचायची, आणि दोष देणाऱ्याचं सगळ्यांत आधी.