डोळे नसलेल्या गणपतींमध्ये

माझ्या बोलण्यातलं निम्मं लोक आधीच वजा करतात. करोत बापडे. पण पेणच्या त्या तिन्हीसांजेची गोष्ट मी तांदळाच्या दाण्याएवढीही फुगवलेली नाही.

एकाहत्तरचं युद्ध चालू होतं. मी पाच वर्षांची. भोंगा झाला की दिवे जात, आणि विमानाची घरघर अशी येई की पार रोह्यापर्यंतच्या कोंबड्या अंडं अर्धवट टाकून पळत. बॉम्ब आमच्यावर एकही पडला नाही. पण प्रत्येक विमान माझंच घर विचारत आलंय, असं मला वाटे.

बाबा गणपतीच्या कारखान्यात रंगारी. मी त्यांना बोलवायला मागच्या दारानं आत शिरले आणि भोंगा वाजला. दिवे गेले. माणसं धावत अंगणातल्या खंदकात उतरली. मी आत आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मी मूर्तींच्या मांडणीखाली घुसले.

आमच्याकडे मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. तोवर ती नुसती माती, तिला हात जोडायचे नाहीत, असं बाबा बजावत. त्या काळोखात समोरच्या फळ्यांवर शेकडो गणपती माझ्याकडे तोंड करून बसलेले, आणि डोळे एकालाही नाहीत. घरघर डोक्यावर आली. फळ्या कुरकुरू लागल्या. मी हात जोडले खरे, पण बघणार कोण?

एवढ्यात मनगटावर हात पडला. गार, ओला, शाडूच्या वासाचा. त्यानं मला ओढत दाराबाहेर आणलं आणि मागे सगळी मांडणी कडाडून कोसळली.

बाबा खंदकातून धावत आले. "तू आत व्हतीस गो? कुनी काढली तुला?"

"हातानं."

"कुनाच्या हातानं, बाय?"

म्हातारा कारागीर हळूच म्हणाला, "आत कोन नाय. आमी सगली हितं हाव."

बाबांनी एकेकाचे हात चाचपले. सगळे कोरडे. आठवडाभर नुसतं रंगकाम चाललेलं, माती कुणी भिजवलीच नव्हती. माझ्या मनगटावर मात्र ओल्या शाडूची चार बोटं.

सकाळी बाबा त्या ढिगापुढे बसले. जन्मभराचा नेम मोडून त्यांनी बिनडोळ्यांच्या तुकड्यांना हात जोडले. "देवा," म्हणाले, "आमी डोलं काडू तवा तू बघनार, असं समजलो व्हतो रे."

तो हात कुणाचा, हे मी कधी शोधलं नाही. आयुष्यात पुढे पुष्कळ काळोख आले. तेव्हा वाट दिसत नाही म्हणून मी धडपडत नाही. हात सैल सोडते आणि थांबते.