इंजिनावरचा झेंडू आणि वाढीव वॉरंटी

धूर मागून येत होता आणि आप्पा पुढून उतरत नव्हते.

"आप्पा, पाय बाहेर टाका."

"पाय कुठंय तेच कळंना बाई. खड्ड्यात बसल्यागत झालंय."

"गाडीतून धूर निघतोय."

"मग हाक की जोरात! मागं पडंल धूर."

गाडी मी आधीच बंद केली होती. पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला घेऊन. लाल रंगाची, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली असलेली स्पोर्ट्स कार. असल्या गाडीचं इंजिन पुढं नसतं, मागं असतं, बसणाऱ्याच्या पाठीशी. म्हणजे जळत होतं ते आमच्या पाठीपासून हातभर अंतरावर. आप्पांचे दोन्ही गुडघे गेलेले. सीटचा पट्टा त्यांनी दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवलेला, जणू तोच त्यांना वाचवणार होता.

आम्ही दोघं म्हातारे त्या गाडीत कशाला बसलो होतो, ते आधी सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईला या वयात हौस आली.

माझं गॅरेज पैठण रोडला आहे. शाळा चौथीपर्यंत. नवरा ट्रकचा मिस्त्री होता. त्याच्या हाताखाली काम शिकले आणि तो गेल्यावर गॅरेज चालवलं. पुढं शहर चालत चालत आमच्या दारापर्यंत आलं. रोडच्या दोन्ही बाजूंची जमीन गेली, कुणाची कारखान्याला, कुणाची बिल्डरला, कुणाची रस्ता रुंद करण्यात. त्यातच दुष्काळाची वर्षं लागली. एकाच रस्त्यानं पाण्याचे टँकर जायचे आणि शोरूममधून निघालेल्या कोऱ्या गाड्याही जायच्या. टँकरचे क्लच मी बदलले आणि कोऱ्या गाड्यांचं ऑइलही मीच बदललं. दोघांनाही कधी रांगेत थांबवलं नाही.

आप्पांचा ट्रॅक्टर माझ्याच गॅरेजात म्हातारा झाला. त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा घर पुंडलिकनगरात आलं आणि ट्रॅक्टर विकला. त्यांचा मुलगा संतोष कारखान्यांना लेबर पुरवायचं काम करायचा. त्याचं बरं चाललं. त्यात जमिनीचे आलेले पैसे घालून त्यानं ही गाडी घेतली. आप्पांनी पहिल्यांदा गाडी बघितली तेव्हा मला फोन करून म्हणाले, "पोरानं टोमॅटो आणलाय. बसाया जागा नाय."

दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी बापलेक दोघंही गॅरेजात आले. भांडतच आले.

"मावशी," संतोष म्हणाला, "कंपनीची वॉरंटी या महिन्यात संपती. आता वाढीव वॉरंटी घ्यायची का, ते विचारायलेत. नंतर घेतो म्हटलं तर देत नाहीत. रोज फोन येतोय."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. वॉरंटी म्हणजे कंपनीची जबाबदारी. गाडीतलं काही आपोआप बिघडलं तर कंपनी फुकट दुरुस्त करून देते. ती ठरावीक काळ असते. पुढं हवी असेल तर वेगळे पैसे भरून वाढवून घ्यायची. अट एकच, पण मोठी. गाडीला हात फक्त कंपनीच्या वर्कशॉपनं लावायचा. बाहेरच्या मिस्त्रीनं बोल्ट जरी फिरवला तरी वॉरंटी गेली. आणि या गाडीचं वर्कशॉप पुण्याला.

"ट्रॅक्टरला घेतली व्हती का वॉरंटी?" आप्पा माझ्याकडं बोट करून म्हणाले. "ट्रॅक्टरला ही कौसाबाई व्हती."

"आप्पा, ही गाडी येगळी हाय."

"चार चाकं हायेत न्हवं?"

संतोष माझ्याकडं वळला. "मावशी, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते."

मला खरं तर 'नको' म्हणायचं होतं. गाडी चालायची किती? घरातून कर्णपुऱ्याच्या जत्रेपर्यंत, नाहीतर कुणाच्या लग्नात मिरवायला. आमच्या रस्त्यांवरच्या स्पीडब्रेकरवरून ती पोट न घासता जायचीही नाही. शिवाय वॉरंटी घेतली की ती गाडी माझ्या गॅरेजात कधी येणार नाही, हे मला कळत होतं. ते मी तोंडावर सांगून टाकलं. म्हटलं, "मी नको म्हणाले तर माझा फायदा आहे, हे धरून माझं ऐका. गाडी चालवून बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

मोठ्या शोरूमच्या समोर गॅरेज टिकवायचं तर माझ्याकडं एकच माल होता, माझा शब्द. घे म्हटलं तर गिऱ्हाईक जाणार. नको म्हटलं आणि उद्या काही फुटलं तर या रोडवरचं माझं नाव जाणार.

"चालीव," आप्पा म्हणाले. "पण मी संग येणार. जमीन माझी गेलीय, त्याची नाय."

संतोषला गॅरेजात बसवलं आणि आम्ही निघालो. पदर खोचला, चपला काढल्या. आप्पांना आत बसवताना आधी पाठ टेकवली, मग एकेक पाय उचलून आत ठेवला. त्यांच्या पायाशी छोटा फायर सिलिंडर ठेवला. ट्रायलला कुठलीही गाडी नेली तरी तो बरोबर घ्यायचा, हा माझ्या गॅरेजचा नियम आहे. मिस्त्री लोक हसतात. हसू देत.

"हे नळकांडं कशाला पायात?"

"ट्रायलला लागतं."

"ट्रॅक्टरला लागलं नाय कधी."

गाडी चांगली होती. ते कबूल केलं पाहिजे. नक्षत्रवाडीच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला तेव्हा पाय जरा दाबला. आप्पांनी देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना मात्र एक बारीक धक्का लागत होता. एकदा लागला, मग परत लागला. तो मी डोक्यात ठेवला.

चितेगाव जवळ आलं तसा वास आला. फुलं जळाल्यासारखा.

"कुणीतरी बांध पेटवलाय," आप्पा म्हणाले.

मी खिडकीतून बघितलं. दोन्हीकडं उघडी ढेकळं. दुष्काळाच्या त्या साली बांधावर पेटवायला काडी उरली नव्हती. बाहेर जळण्यासारखं काही नाही, म्हणजे जळतंय ते आपल्याकडंच. आरसा बघितला. मागच्या जाळीतून धूर निघत होता.

इथून पुढचं सुरुवातीला सांगितलं.

मी उतरून पळत त्यांच्या बाजूला गेले. पहिल्यांदा सिलिंडर बाहेर ओढला, म्हणजे त्यांच्या पायांना जागा झाली. मग पट्ट्याचं बटण दाबलं. मूठ काही सुटेना.

"आप्पा, पट्टा सोडा."

"तू धरलंयस का मला?"

"धरलंय."

"नक्की?"

"आप्पा!"

सोडला. मी त्यांचे दोन्ही पाय बाहेर घेतले, खाली बसले, काखेतून हात घातले आणि छातीशी घेऊन उठले. ट्रकचा गिअरबॉक्स असाच उतरवतात. हातांनी ओढायचा नाही, अंगाशी घ्यायचा, नाहीतर कंबर जाते. आप्पा गिअरबॉक्सपेक्षा हलके होते, पण गिअरबॉक्स ओरडत नाही.

"आगं बाई, धोतर सुटलं!"

"सुटू द्या."

रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली त्यांना बसवलं आणि परत आले. तोवर धुराबरोबर जाळही दिसायला लागला होता. मोटरसायकलवाले थांबले होते आणि थांबून फोटो काढत होते. मागून पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हर ओळखीचा, त्याच्या टँकरचा क्लच मी बदललेला. उडी मारून पाइप ओढतच आला.

"अम्मा, पानी मारूं क्या? पूरा टँकर हय!"

"मत मार!"

"अरे, जल जाइंगी गाडी!"

"मत मार बोला ना! दूर हो."

तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी पडलं की धातू तडकतो. खाली पेट्रोल असलं तर पाण्यावर तरंगत ते आग घेऊन पसरतं. हे त्याला तिथं समजावत बसायला वेळ नव्हता. आणि एक गोष्ट होती. त्या पाण्याची वाट पुढच्या वस्तीवरच्या बाया हंडे मांडून बघत होत्या. एका माणसाच्या हौसेच्या गाडीवर ते ओतायचं, तर दुसरा काहीच उपाय नाही याची मला खात्री हवी होती. तशी खात्री नव्हती. सिलिंडर माझ्या हातात होता.

घाबरलेला माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. तिथंच चुकतो. पूर्ण उघडलं की वारा आत शिरतो आणि आग एकदम वर येते. मी आतली कळ ओढून मागचं झाकण बोटभर उचललं, फटीतून सिलिंडरचं तोंड आत घातलं आणि दाबलं. पांढरी पावडर सगळीकडून बाहेर आली. थांबले. परत दाबलं. सिलिंडर रिकामा झाला आणि धूर पांढऱ्याचा करडा होत होत थांबला.

जरा वेळानं झाकण उघडलं. एक रबरी पाइप आणि वायरींचा एक जुडगा वितळला होता. आणि पावडरीच्या खाली, सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर, काळा झालेला झेंडू.

मी आप्पांकडं गेले. धोतर नीट करून बसले होते.

"आप्पा, दसऱ्याला या गाडीची पूजा कुणी केली?"

"मी केली. का?"

"हार कुठं घातला?"

"इंजिनावर. ट्रॅक्टरला घालतो तसा. पोरगं म्हणलं इंजिन मागं हाय, म्हणून मागं घातला."

"काढला नाही?"

"वरला काढला की. पाकळ्या आत गेल्या आसतील थोड्या." मग म्हणाले, "आन् आपट्याची पानं मीच सोडली जाळीतून. इंजिनाला सोनं द्यावं म्हणलं."

ट्रॅक्टरच्या इंजिनावर सोनं दिलं तर ते पहिल्याच सऱ्या पाडताना उडून जातं. या गाडीत ते जाळीतून आत पडलं, चार-पाच दिवस पोर्चमध्ये वाळलं आणि मी पाय दाबल्यावर पेटलं. त्यांनी वर्षानुवर्षं जे केलं तेच केलं होतं. इंजिनानं जागा बदलली होती.

पुण्याहून कंपनीची गाडी आली, बरोबर इंजिनिअर मॅडम. लाल गाडी माझ्याच गॅरेजात आणून ठेवलेली. मॅडमनं वायर जोडून लॅपटॉपवर सगळं बघितलं.

"आग वॉरंटीत बसत नाही," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या वस्तूनं लागलीय. विम्यातून घ्या."

संतोष उसळला. "मग वॉरंटीचा उपयोग काय? हेच्यासाठी रोज फोन करता व्हय?"

"संतोष, गप बस," मी म्हटलं. "आतून बिघडलं तर वॉरंटी, बाहेरून आलं तर विमा. झेंडू कंपनीनं बसवलेला नव्हता."

मॅडम हसल्या. मला म्हणाल्या, "काकू, पावडर साफ करायला आम्हाला लई त्रास होणार आहे."

"जळलेलं इंजिन साफ करण्यापेक्षा कमी होईल."

"ते खरं."

मग मी डोक्यात ठेवलेला धक्का बाहेर काढला. "दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना काहीतरी अडतंय. बघा बरं."

त्यांनी बघितलं. स्क्रीन माझ्याकडं फिरवून रेघा दाखवल्या. गिअरबॉक्सनं आतल्या आत नोंद करून ठेवली होती. आज बदलण्याइतकं बिघडलेलं नाही, म्हणून आज कंपनी बदलणार नाही. पण सुरुवात झालीय.

"हा गिअरबॉक्स इथं उघडता येईल?" मी विचारलं.

"पुण्यातही उघडत नाही आम्ही. अख्खा बदलतो. परदेशातून येतो."

संतोष आणि आप्पा दोघंही माझ्याकडं बघत होते. मी हात पुसले.

"संतोष, वाढीव वॉरंटी घे. आजच घे."

आप्पा स्टुलावरून उठायला गेले आणि परत बसले. "तू म्हणतीस हे? तुझ्याकडं गाडी येणार नाय मग."

"नाही येणार."

"म्हंजी तुला येत नाय अशी बी गाडी हाय जगात?"

"हाय. तुमचा ट्रॅक्टर मी उघडला आणि परत बसवला. हे मला उघडता येत नाही. जे आपल्या गावात कुणाला उघडता येत नाही, त्याची वॉरंटी घ्यायची. जे येतं, त्याची घ्यायची नाही. एवढंच आहे."

संतोषनं तिथंच फोन लावला. मी मात्र एक अट घातली. दसऱ्याची पूजा माझ्या गॅरेजात होईल, माझ्या डोळ्यांसमोर. हार पुढं, हळदीकुंकू पुढच्या काचेखाली, आणि सोनं चालवणाऱ्याच्या हातात.

रोडवरचे मिस्त्री लोक हसले. "कौसाबाईनं हातचं गिऱ्हाईक पुण्याला पाठवलं." पुढच्या उन्हाळ्यात गिअरबॉक्स गेला. तिसऱ्यात गाडी जाईनाच. कंपनीनं अख्खा नवा बसवून दिला, संतोषचा रुपया लागला नाही. त्यानं गुलमंडीवरून पेढे आणून सगळ्या रोडला वाटले, हसणाऱ्यांनाही. त्यानंतर लोक गाडी दुरुस्तीला नाही, तर वॉरंटी घ्यावी का हे विचारायला माझ्याकडं यायला लागले. मी चालवून बघते, सांगते आणि सांगण्याची फी घेते. पाटीवर ते रंगवूनही घेतलंय.

दसऱ्याला आता माझ्या गॅरेजात गाड्यांची रांग असते. फायर सिलिंडर सगळेच मिस्त्री ठेवतात. मला कुणी हसत नाही.

ती लाल गाडी संतोषनं पुढं विकून टाकली. ती पेटली त्या दिवशी तिच्यात आम्ही दोघं होतो, आणि दोघंही अजून आहोत. आप्पा पुंडलिकनगरात पोर्चमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवतात. मी गॅरेजात असते.