पळसाच्या पानावर राहिलेला वाटा

देवरी भागातील आमच्या ठाण्यात दाखल झालेली ती फिर्याद मी आजही कागद न पाहता आरंभापासून अखेरपर्यंत सांगू शकतो. तिचा मसुदा माझ्याच हातचा होता. माझे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. परंतु सहायक फौजदार या नात्याने मी लिहिलेल्या जबाबात वरिष्ठांनी कधी स्वल्पविरामही बदलला नाही, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

फिर्यादी हा एका वाहतूक कंपनीचा व्यवस्थापक होता. पूर्वेकडील जंगलांत जमिनीखालच्या खडकातून गॅस काढण्यासाठी खोल विहिरी पाडतात. तिथे ना बाजार, ना गोदाम. पाइपापासून पिण्याच्या पाण्यापर्यंत सर्व काही ट्रकने न्यावे लागते आणि एक ट्रक अडला की खोदकाम अडते. या कंपनीचा एक ट्रक बेंटोनाइट नावाच्या करड्या मातीच्या गोण्या घेऊन आमच्या हद्दीतून चालला होता. ही माती पाणी लागताच फुगते, म्हणून ती कालवून विहिरीत सोडतात. त्याने विहिरीच्या कडा ढासळत नाहीत.

पावसाळा संपत आला होता. नाल्याला पूर आल्याने महामार्ग बंद होता व वाहने आडरस्त्याने जात होती. सायंकाळी एका धाबेवाल्याचा ठाण्यात फोन आला.

"साहेब, एक ट्रक भरलेला जंगलाकडे गेला अन् हलका होऊन वापस आला. भरल्या गाडीचं टायर बसलेलं असते जी. याचं फुगून आहे."

स्टेशन डायरीत नोंद घेऊन आम्ही राज्याच्या सीमेवरील नाक्यावर ट्रक अडवला. निम्म्या गोण्या गायब होत्या. सकाळी व्यवस्थापक नागपूरहून हजर झाला, अपहाराचा गुन्हा नोंद झाला आणि चालकास अटक करण्यात आली.

तीस वर्षांच्या आतबाहेरचा, रायपूरकडचा तो माणूस. गुन्हा शाबीत झाला असता तर नोकरी व परवाना तर जाणारच होते, शिवाय तुरुंगही होता. अनुभव असा की, आरोपी प्रथम नाकारतो, मग रडतो, शेवटी साथीदाराचे नाव सांगतो. याने मात्र बसताक्षणीच कबुली दिली.

"मैंने बेचा, साहब. लिख लो."

"किसको बेचा?"

"रास्ते का आदमी था."

"दिखता कैसा था?"

"जैसे आप दिखते हो."

शिपाई हसला. मी हसलो नाही. चालकाच्या दोन्ही खांद्यांवर गोण्यांचे वळ उठले होते व कपडे छातीपर्यंत चिखलाने माखले होते. चोरीचा माल विकणारा स्वतः पाण्यात उतरून गोण्या वाहत नाही.

तेवढ्यात व्यवस्थापक म्हणाला, "ज्याच्या घरी गोणी सापडेल, त्या प्रत्येकाला आत टाका." चालकाने चटकन मान खाली घातली. पुढ्यात आलेल्या जेवणाला त्याने हात लावला नाही.

ट्रकमधील यंत्रावरून त्याचा मार्ग कळत होता. दोन पंच व व्यवस्थापक यांना घेऊन दुपारी मी त्या मार्गाने निघालो. आम्ही पोचलो ते एका गावच्या तलावावर. जुन्या काळी शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेला तलाव. खाली धानाची बांधीमागून बांधी, म्हणजे भाताची खाचरे, लोंब्या निसवण्याच्या बेतात आलेली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, जिला गाव 'पार' म्हणते, गुडघाभर खोल चाकोरी उमटली होती.

"इथून ट्रक गेला?" मी विचारले.

"कोनता ट्रक जी?" गावचे वृद्ध पाटील त्या चाकोरीत उभे राहूनच म्हणाले.

पाळीवर मासोळीची वाटणी सुरू होती. एक म्हातारी पळसाच्या पानांवर वाटे लावत होती व घरोघरची माणसे उचलून नेत होती. सगळे गेले तरी एक वाटा तसाच राहिला.

"मावशी, हा कुणाचा?"

"कुत्र्याचा."

"कुत्र्याला एवढा मोठा रोहू?"

"आमचे कुत्रे खातेत मोठा. तुमच्या पोटात काऊन दुखून राहिलं?"

लोक हसले. पण मी याच जिल्ह्यातला आहे. पाळीच्या दुरुस्तीला ज्याचा हात लागतो, त्याचा मासोळीत वाटा निघतो, मग तो हजर असो वा नसो. हे मला पोलीस शाळेत शिकवावे लागले नव्हते.

मी तिच्यासमोर बसलो. "मावशी, हा वाटा ज्याचा आहे, तो आमच्या कोठडीत उपाशी बसला आहे. नेऊ का त्याच्यासाठी?"

तिचा हात थांबला.

"मारलं का त्याले?"

"नाही."

"मंग काऊन नाही जेवला?"

आणि ती रडू लागली. तेव्हा पाटील बोलले. पाळीवरून ट्रक गेला, वजनाने तिला भेग पडली आणि पाणी वाहू लागले. चालक निघून जाऊ शकला असता. त्याने ट्रक वळवून आणला, ही माती फुगते असे सांगितले आणि गावासोबत छातीभर पाण्यात उभे राहून गोण्या दाबल्या. पाळ टिकली.

"हे आधी का नाही सांगितले?"

"त्याच्या गाडीनं पार फोडली म्हटलं असतं, तं तुमी त्याच्यावर अजून एक केस लावली असती. त्यानं आमाले वाचवलं, आमी त्याले कायले फसवू?"

तिकडे गावाला आरोपी करतील म्हणून तो गप्प होता, इकडे त्याला करतील म्हणून गाव गप्प होते.

व्यवस्थापकाने मोबाइल काढून सर्वांना दाखवला. "पण नकाशात हा रस्ताच आहे. आमच्या ऑफिसनेच त्याला इकडून पाठवलं."

"नकाशाले पार दिसत नसन जी," पाटील म्हणाले. "खालून वाट आहे. पूर आला का सांगा, आमचा मानूस फाट्यावर उभा राहीन."

व्यवस्थापक मोबाइल खिशात टाकून खाली बसला. मग मला म्हणाला, "जबाब लिहा माझा."

तो जबाब व गावाचा संयुक्त जबाब मी तिथेच, पाळीवर बसून लिहिला. "अप्रामाणिक हेतू आढळून येत नाही" हे वाक्य माझे आहे. चालकास जामीन मिळाला. पुढे गैरसमजातून गुन्हा नोंद झाल्याचा, म्हणजे 'क' समरीचा, अहवाल न्यायालयाने मान्य केला. तलावावरून परतल्यावर त्याच सायंकाळी ठाण्यात ती मासोळी शिजली. पळसाचे पान पाहताच चालकाने पाळ टिकली का एवढेच विचारले आणि मग जेवला.

फिर्यादीत माल कुठून गेला ते लिहिलेले असते. तो कुठे पोचला व का, हे तिथे जाऊनच पाहावे लागते, ही शिकवण मला या प्रकरणाने दिली. नीट लिहिलेला कागद माणसाला सोडवू शकतो, हेही मी तेव्हाच पाहिले. म्हणून स्वेच्छानिवृत्तीनंतर मी तहसील कचेरीसमोर अर्ज लिहावयास बसलो.

त्या कंपनीचे ट्रक आता खालच्या वाटेने जातात. गेल्या वर्षी मी सहज त्या गावी गेलो, तेव्हा वाटणी चालू होती. शेवटी दोन वाटे राहिले; एक चालकाचा, हे मी ओळखले.

"दुसरा कोणाचा, मावशी?"

"तुमचा. पारीवर बसून लिवलं ना तुमी? मंग हात लागला का नाही?"

मी पिशवी नेली नव्हती. वाटा रुमालात बांधून आणला.